अजिंठ्यात नकला काढणारा चिनी चित्रकार

१९५० साली एका चिनी चित्रकाराने दिल्लीत आपलं प्रदर्शन भरवलं आणि मग तो अजिंठ्याला आला. वय पन्नाशीचं, छातीवर रुळणारी दाढी, अंगात पायघोळ झगा. नाव झांग दाचिएन. विसाव्या शतकातल्या शाईच्या चित्रकारांत जगभर इतकं नाव क्वचितच कुणाला मिळालं. आपलं जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हतं, ते १ मे १९८१ रोजी झालं. अजिंठा, भोकरदन आणि जालना ही सगळी गावं हैदराबाद राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत. म्हणजे अजिंठ्याच्या वाघूर नदीकाठी भित्तिचित्रं न्याहाळणारा हा थोर कलावंत आपल्याच जिल्ह्याचा पाहुणा होता. कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर, जुन्या आणि नवीन जालन्यात, ही गोष्ट मुलांना सांगायला हवी.

झांग यांना अजिंठ्याची ओढ लागली ती दुनहुआंगमुळे. चीनच्या वायव्येला, वाळवंटाच्या कडेला मोगाओची बौद्ध लेणी आहेत. चौथ्या शतकापासून हजारेक वर्षं ती कोरली आणि रंगवली जात होती. १९४१ ते १९४३ या काळात झांग तिथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिले. तिबेटी परंपरेतल्या भिक्षू चित्रकारांकडून त्यांनी मोठे कापडी पट आणि खनिज रंग तयार करण्याची रीत उचलली आणि पावणेतीनशेच्या आसपास नकला केल्या. आजचे विटलेले रंग त्यांनी उतरवले नाहीत. मूळ चित्र कसं असेल याचा विचार करून ते ताज्या रंगात उभं केलं. खालचं जुनं चित्र पाहण्यासाठी वरचा थर काढल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. वारशाची काळजी असणाऱ्याला तो आरोप आजही टोचतो, आणि टोचायलाच हवा.

दुनहुआंग पाहिल्यावर या बौद्ध चित्रकलेचं माहेर पाहायचं त्यांच्या मनाने घेतलं. अजिंठ्याची चित्रं तपासून त्यांचं मत झालं की दुनहुआंग ही अजिंठ्याची नक्कल नव्हे. विषय इथून गेले असतील, पण तिथला हात चिनी आहे.

जुन्या चित्रांवर बोलण्याचा त्यांचा अधिकार मोठा होता. चीनमध्ये जुन्या गुरूंची चित्रं पुन्हापुन्हा उतरवणं हेच शिक्षण मानलं जाई. आपल्याकडे गवई आधी घराण्याची तालीम घेतो, तसंच. सतराव्या शतकातल्या शिताओ या चित्रकाराचा हात झांगनी इतका आत्मसात केला की त्यांच्या नकला अस्सल म्हणून खपल्या. दहाव्या शतकातल्या जूरान या चित्रकाराचं म्हणून ब्रिटिश म्युझियमने १९६१ मध्ये घेतलेलं एक निसर्गचित्र पुढे झांग यांचंच निघालं. फसवणूक ती फसवणूकच, तिचं कौतुक नको. पण हजार वर्षांपूर्वीचा हात स्वतःच्या मनगटात उतरवण्यामागचे कष्ट थक्क करणारे आहेत.

तरीही निव्वळ नकलेवर हा माणूस थांबला नाही. हुआंगशान पर्वतावर ते तीनदा चढले आणि तिथले सुळके, वाकलेले पाइन, दरीतलं धुकं पाहून आले. गिबन माकडं काढायची म्हणून घरी गिबन पाळले. १९५० च्या दशकात ब्राझीलमध्ये राहायला गेल्यावर तिथे चिनी धाटणीची मोठी बाग उभी केली आणि त्या बागेत वावरत चित्रं काढली. अजिंठ्यानंतर ते काही काळ दार्जिलिंगला राहिले, तिथे समोर हिमालय होता.

निसर्गाचा हा अभ्यास शाईच्या चित्राला का लागतो, हे साहित्य पाहिलं की कळतं. काजळी आणि सरस यांची वडी दगडावर पाण्यात उगाळून शाई करतात. कमी पाणी घातलं की गडद काळी, जास्त घातलं की धुक्यासारखी फिकट. मऊ कागद ती क्षणात पितो. खोडता येत नाही, वरून रंग चढवून चूक झाकता येत नाही. म्हणून चित्रकार डोंगरासमोर बसून पाहतो, कच्च्या रेषा टिपतो, आकार मनात साठवतो. खरं चित्र पुष्कळदा घरी, आठवणीतून उतरतं. सहाव्या शतकात श्ये ह या समीक्षकाने चित्रकलेचे जे सहा नियम सांगितले, त्यांत वस्तूशी साम्य राखणं आहे आणि जुन्या चित्रांची नक्कल करणंही आहे. एकाच यादीत दोन्ही.

परंपरा आणि निरीक्षण यांचं हे एकत्र येणं अजिंठ्यात डोळ्यांनी पाहता येतं. सहा सुळ्यांच्या हत्तीची षड्दंत जातककथा दहाव्या लेण्यात आहे आणि सतराव्यातही. दोन्हींमध्ये सुमारे पाचशे वर्षांचं अंतर. कथा परंपरेने दिली, पण सतराव्या लेण्यातले कमळाच्या तळ्यात डुंबणारे हत्ती कुणीतरी पाणवठ्यावर उभं राहून पाहिलेले आहेत. सोंडेचा बाक आणि अंगाचा भार ऐकीव माहितीवर असा साधत नाही. भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि गेरू, पिवळी माती, काजळ असे साधे रंग, मुख्यतः एवढ्यावर हे काम झालं आहे.

१९५७ पासून झांग यांची दृष्टी अधू होऊ लागली. बारीक रेषा जमेनात, तेव्हा ते कागदावर शाई आणि निळे-हिरवे रंग ओतू लागले. पाश्चात्त्यांना ते आधुनिक अमूर्त वाटलं. झांग मात्र तांग काळातल्या शाई उधळणाऱ्या चित्रकाराकडे बोट दाखवत. ओतलेल्या रंगांच्या कडेला ते जुन्या पद्धतीने एखादं झाड किंवा झोपडी काढत, आणि डाग डोंगर होऊन जाई. त्यांचं अखेरचं मोठं काम म्हणजे लूशान पर्वताचं सुमारे दहा मीटर लांबीचं रेशमी चित्र. त्या पर्वतावर ते कधीही गेले नव्हते. आयुष्यभर पाहिलेले डोंगर आणि अभ्यासलेली जुनी चित्रं एवढ्या बळावर त्यांनी तो उभा केला. ते चित्र पुरतं होण्याआधीच, २ एप्रिल १९८३ रोजी तैपेईत त्यांचं निधन झालं.

जालन्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकांना एक विनंती. एलिमेंटरी परीक्षेसाठी स्मरणचित्राचा सराव घेताना मुलांना ठरीव चित्रं पाठ करायला लावू नका. त्यांना आधी आठवडी बाजारात नेऊन बैल पाहू द्या, मग अजिंठ्याला न्या आणि पहिल्या लेण्यातले झुंजणारे बैल दाखवा. भोकरदनवरून गेलं तर सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. प्रत्येकाच्या हातात वही आणि पेन्सिल मात्र हवी.