फ्रँकी नकल्स : गोदामातला उस्ताद

जन्म १८ जानेवारी १९५५चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. नाव झालं ते मात्र शिकागोत. १९७७मध्ये तिथल्या ‘वेअरहाऊस’ क्लबात ते रेकॉर्ड वाजवू लागले. नाचायला येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण. डिस्कोची लाट ओसरली तरी नकल्सनी ती गाणी सोडली नाहीत. टेप कापून-जोडून लांबवली, पुढे त्यांखाली ड्रम मशीनचा ठेका घातला. हाऊस संगीत घडलं ते अशा खटाटोपातून. नंतर ‘पॉवर प्लँट’ हा स्वतःचा क्लब, १९९१मध्ये ‘द व्हिसल साँग’, आणि १९९८मध्ये रिमिक्सरसाठीचं पहिलंवहिलं ग्रॅमी (तेही उशिराच म्हणायचं). वेअरहाऊस होता त्या रस्त्याच्या एका भागाला शिकागोने २००४मध्ये त्यांचं नाव दिलं. मधुमेहाने पाऊल गमावलं, तरी ते वाजवत राहिले. निधन ३१ मार्च २०१४, शिकागोतच.