उन्हाच्या गावात ठिसूळ हाडं

लातूर-नांदेडला उन्हाची ददात नाही, तरी आजी न्हाणीत घसरते अन् खुब्याचं हाड मोडतं. तोवर दुखणं काहीच नसतं. हाडं आतल्या आत विरळ झालेली असतात. जुनं हाड झिजणं, नवं भरणं आयुष्यभर चालतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि झीज पुढे धावते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला, की ऑस्टिओपोरोसिस.

पदराआडच्या कातडीला ऊन लागत नाही, मग ‘ड’ जीवनसत्त्वाअभावी कॅल्शियम अंगी लागत नाही. शिवाय मिश्री! ती भाजलेली तंबाखूच, आणि तंबाखू हाडांची वैरी. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आंबिलातलं ताक कॅल्शियमसाठी चांगलं, पण वर्षातून एकदा पिऊन कसं भागेल? १०० ग्रॅम सालासकट तिळात १००० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. ज्वारीत जेमतेम ३०. औषधाचं डॉक्टर ठरवतील. न्हाणीत धरायला दांडा तेवढा आजच बसवा.