जुन्या दुचाकीची नोंदणी : तपासणीपूर्वी काय पाहावे?

हैदराबादेतील बरकतपुरा, काचीगुडा परिसरात शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकली आजही धावताना दिसतात. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांपुरतीच वैध असते. त्यानंतर तपासणीत वाहन योग्य ठरल्यास ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करावा. विलंब झाल्यास दरमहा ३०० रुपये जादा आकार पडतो.

अशा गाड्यांत काही दोष वारंवार आढळतात. ब्रेक शू झिजलेले असतात, साखळी सैल पडते, ब्रेकचा दिवा लागत नाही. टायरच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये, असा नियम आहे. पुढचे चाक उचलून हँडल फिरवताना ते मध्यावर अडकत असेल, तर कोनसेट झिजला असे समजावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येणे म्हणजे इंजिनात ऑइल जळणे. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील हे त्याचे नेहमीचे कारण.

इंजिनाचे काम खर्चिक असते. उरलेले दोष तुलनेने अल्प खर्चात दूर होतात. ते तपासणीपुरते झाकू नयेत. अचानक ब्रेक दाबण्याची वेळ येते, तेव्हा तेच जिवावर बेततात.