गराजमधले दप्तर

रेडमंड म्हटले की आपल्या लोकांना मायक्रोसॉफ्ट आठवते. १९८६ साली ही कंपनी इथे आली, आणि ‘प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात संगणक’ हे तिचे ध्येय जगभर पोचले. पण याच गावात, त्या कंपनीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर, एका मराठी गृहस्थांच्या गराजमध्ये कागदांनी गच्च भरलेली ४० खोकी होती. मागच्या हिवाळ्यातले १२ शनिवार आम्ही उभयतांनी त्या खोक्यांच्या सहवासात काढले. आपल्यापैकी अनेकांचा छोटा-मोठा व्यवसाय आहे. कुणाचा दवाखाना, कुणाचे वाणसामानाचे दुकान, कुणाचे टॅक्सचे ऑफिस. त्यांना उपयोगी पडेल म्हणून हा वृत्तान्त.

या गृहस्थांना मंडळात सगळे नुसते ‘काका’ म्हणतात. गेली २६ वर्षे त्यांचा घरदुरुस्तीचा व्यवसाय आहे. स्वयंपाकघर नवे करणे, बेसमेंट पुरे करून देणे, डेक बांधणे, अशी कामे. हिशेबाची बाजू काकूंची. गेल्या वर्षी काकांची बायपास झाली. ते हॉस्पिटलात असताना एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. घर विकायचे होते, डेकच्या परमिटची प्रत तातडीने हवी होती. कागद घरात आहे हे काकूंना पक्के ठाऊक होते, पण कुठल्या खोक्यात? दोन दिवस शोधून थकल्यावर त्यांनी काकांनाच विचारले. काका पडल्या पडल्या म्हणाले, “अगं, निळ्या झाकणाचं खोकं. माणसाच्या नावानं नको बघूस, गल्लीच्या नावानं बघ.”

थोडक्यात, सगळ्या दप्तराची सूची काकांच्या डोक्यात होती! ती तिथून बाहेर काढणे हेच खरे काम आहे, हे त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आले.

आता थोडे गणित. एका खोक्यात साधारण २,००० कागद. ४० खोक्यांचे झाले ८०,०००. आम्ही आणलेला स्कॅनर मिनिटाला ३० कागद गिळतो, म्हणजे कागदावर सुमारे ४५ तासांचे काम. पण वेळ खातो तो स्कॅनर नव्हे. स्टेपलच्या पिना काढा, दुमडलेल्या पावत्या सरळ करा, चिकटलेल्या चिठ्ठ्या सोडवा, यात त्याच्या तिप्पट वेळ जातो. म्हणून पहिला प्रश्न ‘स्कॅन कसे करायचे’ हा नाही, ‘काय ठेवायचे’ हा आहे.

इथे कायदा मदतीला येतो. आयआरएसच्या नियमाप्रमाणे आयकराची कागदपत्रे सर्वसाधारणपणे ३ वर्षे ठेवावी लागतात. दाखवलेल्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त उत्पन्न दाखवायचे राहिले असेल तर ६ वर्षे. नोकरांच्या पगारावरील कराचे कागद किमान ४ वर्षे. वॉशिंग्टन राज्याचे करखाते ५ वर्षांचे कागद मागते. शिवाय या राज्यात बांधकामाबद्दलचे दावे काम पुरे झाल्यापासून साधारण ६ वर्षांपर्यंत उभे राहू शकतात. घर, जमीन, कंपनीची स्थापना यांचे कागद वेगळे. ते जपूनच ठेवायचे. प्रत्येकाची परिस्थिती निराळी, तेव्हा आपल्या सीपीएला विचारल्याशिवाय काही फाडू नये. काकूंनी विचारले, यादी केली, आणि ४० खोक्यांची १७ झाली. बाकीची श्रेडिंगच्या ट्रकमध्ये गेली. जुन्या पगारपत्रकांवर कामगारांचे सोशल सिक्युरिटी नंबर असतात, ती कचऱ्याच्या डब्यात टाकून चालत नाही.

मग नामकरण. स्कॅनर आपणहून फाइलला जे नाव देतो त्यावरून ब्रह्मदेवालाही काही कळणार नाही. आम्ही एकच नियम ठेवला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे गल्ली, शेवटी कागदाचा प्रकार. वर्ष पुढे असले की संगणक आपोआप कालक्रमाने रांग लावतो. छापील इंग्रजी मजकूर ओळखून शोधता येईल असा करून देणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात, त्यामुळे बिले आणि परमिटे भराभर मार्गी लागली.

अडले ते नकाशांपाशी. काका नकाशाच्या कडेला पेन्सिलीने मराठीत टिपणे लिहीत. “इथे जुना पाइप, खिळा मारू नये.” “भिंत तिरकी, अर्धा इंच धरणे.” ही अक्षरे सॉफ्टवेअरला लागली नाहीत, आम्हालाही निम्मी लागली नाहीत! काकांना शेजारी खुर्चीवर बसवले. ते वाचत गेले, आमची ही इंग्रजीत टाइप करत गेली. एकेका नकाशाला १० मिनिटे. पण उद्या हा व्यवसाय दुसऱ्या कुणी चालवायला घेतला तर त्याला सगळ्यात मोलाचे जे मिळेल ते हेच.

पुण्याचे पेशवे दप्तर यावरून आठवले. रुमालांत बांधलेले असंख्य कागद टिकले खरे, पण बहुतेक मोडीत, आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेली पत्रे १९३० पासून ४५ खंडांत प्रसिद्ध केली, तेव्हा प्रत्येक पत्राला क्रमांक, तारीख आणि थोडक्यात सारांश दिला. कागद जपणे वेगळे आणि तो पुढच्या माणसाला वाचता येईल असा करणे वेगळे.

स्कॅन झाले म्हणजे बरोबर झाले, असेही समजू नये. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतला विलक्षण दोष उघडकीस आणला. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी होती. प्रतीत मात्र तिन्ही खोल्या १४.१३ चौरस मीटरच्या निघाल्या! फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एकच चित्र वापरत होते, आणि त्यात आकडे बदलत होते. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. आम्ही मात्र धडा घेऊन ३०० डीपीआय ठेवले, फाइल लहान करण्याचा मोह टाळला, दर ५० कागदांतला एक मूळ प्रतीशी ताडून पाहिला आणि नकाशांवरचा प्रत्येक आकडा तपासला.

दुकानांच्या पावत्यांची तऱ्हा निराळी. त्या उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापतात, आणि काही वर्षांत अक्षरे विरून जातात. काही पावत्या कोऱ्या करकरीत झाल्या होत्या. तेव्हा पावत्या वर्षअखेरीपर्यंत साठवू नयेत, महिन्याच्या महिन्याला स्कॅन कराव्यात. आयआरएसने १९९७ च्या ९७-२२ क्रमांकाच्या नियमावलीत स्कॅन केलेल्या कागदांना मान्यता दिली आहे. पण प्रत स्वच्छ वाचता यावी, सूची असावी आणि मागितल्यावर छापून देता यावी, या अटी आहेत. व्यवस्थेची चाचणी झाल्यावरच मूळ कागद नष्ट करावे.

शेवटी प्रतींचे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचे प्राण गेले आणि फायलींचे ढीग जळाले. जे एकाच जागी आहे ते एका दिवसात जाऊ शकते. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. काकांकडे एक डिस्क घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक प्रत पासवर्ड लावून क्लाउडवर आहे. पासवर्ड काकूंना आणि मुलीला ठाऊक आहे, हे मुद्दाम सांगतो. वर्षातून एकदा प्रती उघडून पाहायचे ठरले आहे.

गराजमध्ये आता सही-शिक्क्याच्या मूळ कागदांचे एकच खोके उरले आहे. परवा एका ग्राहकाला छपराच्या वॉरंटीचा कागद हवा होता. काकूंनी तो फोन चालू असतानाच काढून दिला. काका मागून गल्लीचे नाव सांगतच होते!

यंत्र केव्हाही विकत मिळेल, आणि मुलेही ते आपल्याहून चांगले चालवतील. पण कागदाचा अर्थ सांगणारे माणूस आपल्याजवळ आहे तोवर हे काम काढावे. पुढच्या शनिवारी एकच खोके उघडा, आणि त्यांना चहा देऊन शेजारी बसवा.