मिठावरचा कर आणि अचौर्यव्रत

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः उरण आणि पेण या भागांत, मीठ पिकवण्याची परंपरा फार जुनी आहे. उधाणाच्या भरतीचे पाणी बांधातील उघाडीवाटे खाजणात घ्यायचे, उन्हात ते आटवत एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडायचे आणि अखेरीस तळाशी जमलेले दाणे ओढून त्यांच्या राशी घालायच्या, असा हा उद्योग. पावसाळा सरल्यावर तो सुरू होई आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चाले. ‘आगर’ म्हणजे मिठाचे शेत. त्यावरूनच येथील आगरी समाजाला त्याचे नाव मिळाले. समुद्र, ऊन आणि माणसाचे श्रम एवढ्याच भांडवलावर तयार होणारी ही वस्तू राजापासून रंकापर्यंत प्रत्येकाच्या ताटात लागते. नेमक्या याच कारणासाठी ब्रिटिश सरकारच्या करविचारात मिठाला मानाचे स्थान मिळाले, आणि त्याच कारणासाठी सुमारे शंभर वर्षे त्यावर वाद होत राहिला.

हा वाद आज आठवण्याचे प्रयोजन केवळ ऐतिहासिक नाही. करसुधारणा चांगली की वाईट हे कोणत्या मापाने ठरवावे, हा प्रश्न त्यात आहे; आणि व्यापारावर उपजीविका करणाऱ्या समाजाला तो टाळता येत नाही.

बाजार मोकळा झाला, मीठ महागले

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात माल एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा तर वाटेत ठिकठिकाणी जकात भरावी लागे. नाक्यावरचा खोळंबा, झडती आणि चिरीमिरी यांनी व्यापारी जेरीस आले होते. या अंतर्गत जकाती उठवाव्यात, ही मागणी सर्वस्वी रास्त होती. १८३७-३८ च्या सुमारास सरकारने ती मान्य केली. मात्र बुडालेले उत्पन्न कोठून तरी भरून काढायचे होते. १८३७ च्या कायद्याने मिठावर मणाला आठ आणे कर बसला. १८४४ मध्ये शहरी जकाती रद्द झाल्या, तेव्हा हाच कर एकदम एक रुपयावर नेण्यात आला. सुरतेत त्याविरुद्ध मोठा जनक्षोभ उसळला आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला.

माघार तात्पुरती ठरली. १८६९ मध्ये दर एक रुपया तेरा आणे झाला आणि १८७८ पर्यंत अडीच रुपयांवर पोहोचला. १८८२ मध्ये तो दोन रुपयांवर उतरला. परंतु ब्रह्मदेशातील मोहिमेचा खर्च आणि रुपयाचा घसरलेला भाव यांची तोंडमिळवणी करण्यासाठी १८८८ मध्ये पुन्हा अडीच रुपये करण्यात आला.

पेढीवरचा हिशेब मांडून पाहिला तर या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो. मणाचे शेर चाळीस आणि अडीच रुपयांचे आणेही चाळीस. म्हणजे शेराला एक आणा नुसता कर. माणशी वर्षाला पाच शेर मीठ धरले तरी पाच माणसांच्या कुटुंबावर पंचवीस आण्यांचा बोजा पडतो. ज्या काळी मजुराची रोजची कमाई मूठभर आण्यांत मोजली जाई, त्या काळी ही रक्कम म्हणजे अनेक दिवसांची मजुरी होती. श्रीमंताच्या घरीही तेवढेच मीठ लागे आणि तेवढाच कर भरला जाई. त्याच्या खर्चात मात्र तो शोधूनही सापडला नसता. जकात उठल्याचा लाभ व्यापाऱ्याला मिळाला हे खरे. त्याची भरपाई ज्याने केली, त्याला या व्यवहारात कोणी विचारले नव्हते.

मिठागरावरचा कारभारही कडक होता. तयार मीठ सरकारी पहाऱ्यात राही आणि कर भरून परवाना घेतल्याशिवाय त्यातले पोतेभरही हलवता येत नसे. किनाऱ्यावरील खळग्यांत आपोआप साकळलेले मीठ घरी नेणे हाही गुन्हाच होता. ज्याच्या दाराशी समुद्र, त्यालाही मीठ विकतच घ्यावे लागे.

दोन मते

या कराचे समर्थन करणारे सगळेच निर्दय होते असे नाही. गरीब रयतेपर्यंत प्रत्यक्ष कर पोहोचत नाहीत, आणि राज्याच्या खर्चात प्रत्येकाने थोडा वाटा उचलायला हवा. तो न कळत, थोडा थोडा वसूल होणारा मिठाचा कर त्यासाठी सोयीचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. भारतमंत्री ड्यूक ऑफ आर्गाइल यांनी १८६९ मध्ये असेच मत मांडले. परंतु खुद्द ब्रिटनने आपल्या देशातील मिठावरचा कर १८२५ मध्येच रद्द केला होता. जे तत्त्व लंडनच्या गरिबाला लागू झाले, ते उरणच्या गरिबाला का नाही, याचे समाधानकारक उत्तर या युक्तिवादात नव्हते.

हा प्रश्न आकडेवारीनिशी विचारला तो कोकणच्याच सुपुत्राने. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती आणि अधिकारी तिला समृद्धीचे लक्षण मानत होते. गोखल्यांनी ते मत खोडून काढले. रुपयाचा भाव पडला म्हणून कर वाढवले. आता भाव सावरला आहे, तरी कर तसेच आहेत. तेव्हा ही शिल्लक भरभराटीची नसून रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतल्याची खूण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मिठाचा दर उतरवण्याची मागणी त्यांनी पुढेही लावून धरली. १९०३ मध्ये तो दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. दर उतरताच मिठाचा खप वाढला. याचा अर्थ इतकाच, की तोवर अनेक घरांत माणसे आणि गुरे पुरेशा मिठावाचून दिवस काढत होती.

मात्र सनदशीर मार्गाच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. १९२३ मध्ये सरकारने हा कर दुप्पट करून पुन्हा अडीच रुपयांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. मध्यवर्ती विधिमंडळाने तो फेटाळला, तरीही व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेष अधिकारात तो लागू केला. दुसऱ्याच वर्षी वाढ मागे घ्यावी लागली. पण लोकप्रतिनिधींच्या शब्दाला किती किंमत आहे, हे लोकांना कळून चुकले.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची पार्श्वभूमी ही होती. दांडीनंतर वडाळा आणि शिरोडा येथील मिठागरांवर सत्याग्रही गेले. पावसाळ्यात मीठ पिकत नाही. म्हणून पुढे महाराष्ट्रात चळवळीने जंगल कायद्याकडे मोर्चा वळवला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यालगतच्या गावकऱ्यांना घरच्या वापरापुरते आणि गावातल्या गावात विकण्यापुरते मीठ करण्याची मुभा मिळाली. करच उठायला १९४७ साल उजाडले.

व्रताच्या कसोटीवर

श्रावकाच्या दृष्टीने या इतिहासात एक पेच आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, खोटी वजने-मापे वापरणे, भेसळ करणे आणि विरुद्धराज्यातिक्रम. या शेवटच्या अतिचारात राज्याचा रास्त कर चुकवणे आणि चोरवाटेने माल नेणे यांचा समावेश होतो, असा अर्थ परंपरेने घेतला जातो. मग मिठाचा कायदा मोडणारे व्रताच्या विरोधात होते काय?

उत्तर कृतीच्या रीतीत सापडते. कर चुकवणारा अंधारात काम करतो, लाभ स्वतःकडे ठेवतो आणि भार दुसऱ्यावर ढकलतो. सत्याग्रहीने कायदा उजेडात मोडला, आधी सूचना देऊन मोडला आणि त्याची शिक्षा स्वतः भोगली. त्यात लपवलेले काही नव्हते आणि मिळवलेलेही काही नव्हते. गोखल्यांचा मार्ग वेगळा असला तरी तोही उघड्या वादाचाच होता. दुहेरी वही ठेवून करावर नाराजी व्यक्त करणाऱ्याला या दोहोंपैकी कोणाचाही दाखला देता येणार नाही.

दुसरा विचार रसपरित्यागाचा. दूध, दही, तूप, तेल, गोड पदार्थ आणि मीठ असे सहा रस मानून त्यांतील एक वा अनेक रस सोडण्याची साधना आपल्या घराघरांत परिचित आहे. मीठ सोडणे हे तप आहे, कारण ते स्वेच्छेने सोडले जाते. ज्याच्या ताटातून करामुळे मीठ गेले, त्याच्या वाट्याला केवळ वंचना आली. तपाचे पुण्य त्यात नाही. आणि ती वंचना लादणाऱ्याला हिंसेच्या दोषातून मुक्तही होता येत नाही.

आज त्याच उरण तालुक्यात १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर उभे आहे. कंटेनरने आलेल्या मालाचा सीमाशुल्क तेथे आकारला जातो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईच्या वेशीवरची जकात संपली. १८३८ मधील व्यापाऱ्यांची मागणी जणू नव्या रूपात पुन्हा पूर्ण झाली. परंतु या वेळी खाण्याच्या मिठावरचा दर शून्य ठेवण्यात आला. शतकभराच्या वादाने शिकवलेला धडा त्या शून्यात आहे.

करासंबंधी निवेदने देणे, परिषदा भरवणे, शिष्टमंडळे नेणे हे व्यापारी समाजाचे नित्याचे काम आहे आणि ते योग्यही आहे. मात्र आपल्यावरचा भार उतरवा असे सांगताना, तो आता कोणाच्या खांद्यावर जाणार, हे निवेदनात लिहिण्याची प्रथा अजून पडलेली नाही. १८४४ मध्ये ते कोणी लिहिले नाही. अचौर्यव्रत घेतलेल्या पेढीवरून निघणाऱ्या निवेदनात ते एक वाक्य असायला हरकत नाही.