बुद्धाभोवतीची फुले-पाखरे

जपानी चित्रकलेत ‘काचो-गा’ हा एक जुना प्रकार आहे. ‘का’ म्हणजे फूल, ‘चो’ म्हणजे पक्षी आणि ‘गा’ म्हणजे चित्र. मूळची चीनमधील ही परंपरा जपानमध्ये चांगलीच रुजली. तिच्यात फुले आणि पक्षी यांच्या काही जोड्या ठरून गेल्या आहेत. ‘उमे’ची फुले आणि ‘उगुइसु’ हा गाणारा पक्षी एकत्र दिसले, की वसंताची चाहूल समजावी. पाइन वृक्ष आणि क्रौंच दीर्घायुष्य सुचवतात.

परंतु ही चित्रे केवळ भिंतीच्या शोभेसाठी असत, असे आपण समजू नये. इतो जाकुचू (1716–1800) या चित्रकाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. क्योतो शहरातील निशिकी बाजारात त्यांच्या घराण्याचा भाजीचा घाऊक व्यापार होता. वयाच्या चाळिशीच्या सुमारास तो धाकट्या भावाकडे सोपवून त्यांनी चित्रकलेला वाहून घेतले. चिनी चित्रांच्या नकला करून त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी अंगणात कोंबड्या पाळल्या आणि त्यांची चाल, पिसे, तुरे बारकाईने न्याहाळले.

या निरीक्षणातून सुमारे दहा वर्षांत 30 रेशमी चित्रपटांची मालिका तयार झाली. तीत कोंबडे, मोर, मासे आहेत. तसेच तळ्याकाठचे बेडूक, मुंग्या आणि किडीने खाल्लेली पानेही आहेत. क्षुद्र म्हणून काहीच वगळलेले नाही. शाक्यमुनी बुद्ध, मंजुश्री आणि समंतभद्र यांची तीन चित्रे काढून जाकुचूंनी ही मालिका त्यांच्यासोबत शोकोकु-जी या झेन विहाराला अर्पण केली. म्हणजे मध्यभागी बुद्ध आणि भोवती सारी जीवसृष्टी, अशी ही योजना होती. 1889 मध्ये मालिका राजघराण्याकडे गेली, बुद्धचित्रे विहारातच राहिली. 2007 मध्ये शोकोकु-जी येथील प्रदर्शनात ती पुन्हा एकत्र मांडण्यात आली. 2021 मध्ये या मालिकेला ‘राष्ट्रीय ठेवा’ हा दर्जा मिळाला.

जाकुचूंचे आणखी एक चित्र आपण ध्यानात ठेवावे. त्यात महापरिनिर्वाणाचा प्रसंग आहे. पण बुद्धाच्या जागी पालथ्या टोपलीवर पहुडला आहे एक मुळा! शालवृक्षांच्या जागी मक्याची ताटे आहेत आणि भोवती शोक करणारी फळे व भाज्या. कोणाला यात विनोद दिसतो, तर कोणाला श्रद्धा. भाजीबाजारात वाढलेल्या माणसाच्या हातून दोन्ही एकत्र उतरले असावे, असे आम्हाला वाटते.

करुणेची सुरुवात नीट पाहण्यापासून होते. विद्यार्थिमित्रांनी आपल्या अंगणातील एखादे किडलेले पानही असे निरखून पाहावे.