हमीभावाच्या नकाशाबाहेरचा गहू

केंद्र सरकारने 2026-27 च्या खरेदी हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला 2,585 रुपये जाहीर केला. उत्पादन खर्च 1,239 रुपये धरून शेतकऱ्याला त्यावर 109 टक्के परतावा मिळतो, असा सरकारी हिशेब आहे. रब्बीच्या दुसऱ्या कोणत्याही पिकाला या हिशेबात एवढा परतावा नाही. तरी महाराष्ट्रातल्या एक-दोन एकर गहू करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती त्यातले फारसे काही लागत नाही. हा खर्च देशाच्या सरासरीचा आहे. पंजाबात हेक्टरी 45 ते 50 क्विंटल गहू निघतो, आपल्याकडे राज्याची सरासरी जेमतेम 20 क्विंटलच्या घरात. पण नांगरट, बी, खत आणि मळणीचा खर्च त्या प्रमाणात निम्मा होत नाही, म्हणून प्रत्येक क्विंटल महाग पडतो. शिवाय हमीभाव खरा ठरतो तो सरकार काटा लावून बसते तिथे. केंद्रीय साठ्यासाठीची खरेदी प्रामुख्याने पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात होते. महाराष्ट्र या नकाशाबाहेर आहे.

उतारा कमी असण्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. गव्हाला थंडी लागते आणि आपली थंडी मुळातच आखूड. खरिपाचे पीक निघायला उशीर झाला की पेरणी डिसेंबरवर जाते आणि दाणा भरायच्या वेळी ऊन तापू लागते. दाणा बारीक राहतो. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने वेळेवर आणि उशिराही पेरता येणारा ‘फुले समाधान’सारखा वाण दिला, पुण्याच्या आघारकर संस्थेनेही चांगले वाण काढले. पण वाण पाण्याची जागा घेत नाही. मुकुटमुळे फुटताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाणी चुकले तर उतारा घटतोच. विहिरीत पाणी असूनही ते चुकते, कारण अनेक भागांत शेतीची वीज आलटूनपालटून रात्री येते. जुन्नर किंवा निफाडच्या बिबट्याच्या टापूत पौषाच्या थंडीत रात्री दोन वाजता बारे द्यायला जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे, आणि ते आपण कितीतरी वर्षे निमूट चालू दिले. त्यातून वाचलेले पीक 2014 सारख्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत आडवे होते. भिजलेल्या गव्हाची चकाकी जाते आणि भावही पडतो.

तरीही माझ्या मते लहान शेतकऱ्याची खरी कोंडी शेतात नाही, ती मळणीनंतर सुरू होते. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार राज्यातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे. त्यातल्या एका एकरात गहू केला, तर घरचे वर्षाचे धान्य काढून विकायला चार-सहा क्विंटल उरतात. एवढ्यासाठी टेम्पो करून तालुक्याच्या बाजार समितीत जायचे, तर भाडे, हमाली आणि मोडलेला दिवस परवडत नाही. म्हणून माल गावातल्या व्यापाऱ्यालाच जातो. मार्च-एप्रिलमध्ये सोसायटीचे कर्ज भरायचे असते, घरात लग्नकार्य असते आणि सगळ्यांचा गहू एकदमच बाजारात येतो. त्याच दिवसांत शहरातली घरे वर्षाचा गहू भरतात, पण त्यांना हवा असतो निवडलेला ‘लोकवन’ नाहीतर मध्य प्रदेशातला ‘सिहोर’. निवडून, चाळून, पोती भरून विकण्यातली कमाई ज्याच्याकडे जागा आणि थांबण्याची ऐपत आहे त्याची.

यावर म्हटले जाते की खुल्या बाजारात गव्हाला अनेकदा हमीभावापेक्षा जास्त मिळते, मग सरकारी खरेदी हवी कशाला? भाव चढतो हे खरे, पण तो बहुधा लहान शेतकऱ्याचा माल विकून झाल्यावर. आणि चढला तर सरकार हात घालते: 13 मे 2022 ला निर्यात बंद झाली, जून 2023 मध्ये साठ्यावर मर्यादा आली. खाणाऱ्याला गहू स्वस्त मिळावा ही भूमिका मला मान्य आहे, पण तिची किंमत पिकवणाऱ्याने भरावी हे मान्य नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हवा साथ देत नसेल तर गहू कशाला, हरभरा करा. पाणी कमी असेल तिथे हा सल्ला योग्यच आहे. पण एकरभर गहू आधी घरच्या पोळीसाठी असतो. तो विकत घ्यायचा म्हटले तर रोख पैसा लागतो, आणि नेमकी त्याचीच चणचण असते.

म्हणून पंजाबसारखी सरसकट खरेदी इथे मागण्यात अर्थ नाही. चार-सहा क्विंटलसाठी खरेदी केंद्रापर्यंत जाणे तेव्हाही जड जाईल. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना मात्र जुनी आणि चांगली आहे: माल गोदामात ठेवायचा आणि सहा महिन्यांपर्यंत 6 टक्के व्याजाने कर्ज घ्यायचे. अडचण एवढीच की ती बाजार समितीमार्फत चालते. गावातल्या विकास सोसायटीने किंवा उत्पादक कंपनीने दहा-वीस जणांचा गहू एकत्र चाळून, प्रतवारी करून ठेवला आणि त्यावर प्रत्येकाला तारण कर्ज मिळाले, तर एप्रिलची विक्री ऑगस्टपर्यंत ढकलता येईल. त्यासाठी गावपातळीवर कोरडे गोदाम, चाळणी यंत्र आणि काटा लागतो. हमीभावात आणखी शंभर रुपये वाढवून मागण्याआधी राज्याने यावर खर्च करावा.